शेवटच्या प्रवेशाची नक्कल

माझं अक्षर चांगलं आहे असं पहिल्यांदा कुणी म्हणालं, तेव्हाच मी शाईची दौत उपडी करायला हवी होती. पण कौतुक कुणाला नको असतं? शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायची, देवळातल्या उत्सवाचा फलक मी लिहायची, आणि मॅट्रिक होऊन घरी बसले तेव्हा गावच्या नाटकाच्या नकला उतरवायचं कामही माझ्याकडेच आलं.

नक्कल म्हणजे ज्याच्या त्याच्या वाटणीचं नाटक. अख्खं नाटक लेखकाच्या बाडात असायचं. त्यातून एकेका नटाची तेवढीच भाषणं सुट्या कागदांवर उतरवायची, आणि दर भाषणाच्या आधी समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे तीन-चार शब्द टाकायचे, म्हणजे आपण तोंड कधी उघडायचं ते नटाला कळतं. समोरचा त्याआधी काय काय बोलून गेला, ते तालमीत कळेल तेव्हा कळेल. त्यामुळे नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली गावात दोनच माणसं असायची. एक लेखक आणि दुसरी मी.

आमचं गाव, बोळिंज मागं टाकून अर्नाळ्याकडे जाताना आतल्या अंगाला. माणसं वाडीतली. केळी, पानवेल, सोनचाफा आणि प्रत्येक वाडीत पाण्यासाठी खणलेलं एक बावखल. लेखक म्हणजे आमचे मास्तर. शाळेत मराठी शिकवायचे, दत्ताच्या देवळात गुरुचरित्राचा सप्ताह त्यांच्या आवाजात चालायचा, आणि दत्तजयंतीला दरवर्षी त्यांचं नवं नाटक व्हायचं. गुरुवारी ते पाणीसुद्धा मोजकं पीत. आरतीला उभे राहिले की त्यांच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. ते अश्रू खोटे होते असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मी जवळून पाहिलंय. ते खरे होते.

मास्तरांच्या नाटकात बाई घसरली नाही असं एकही वर्ष गेलं नाही, आणि घसरलेली बाई तिसऱ्या अंकात जिवंत राहिली असंही कधी झालं नाही. कुणी विहिरीत जायची, कुणी आंधळी व्हायची, एक तर भर देवळात वीज पडून गेली. त्या विजेसाठी पत्र्याचा डबा आपटायला दोन माणसं ठेवली होती. आणि ही मरणारी बाई दरवर्षी माझा दादा असायचा.

गावच्या मुलीनं तोंडाला रंग लावायचा नाही असा नियम होता. मुलाला मात्र लुगडं नेसवून तिच्याकडून पाप करवून घ्यायला कुणाची हरकत नव्हती. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, अंगानं शेलाटा, आणि वाडीत राबून हात खरखरीत झालेले. पण एकदा नऊवारी नेसला की त्याची मानच बदलायची. गावच्या सुना त्याला विचारायच्या, "पदर खांद्यावर राहतो कसा रे तुझा?" आमच्या घरात सगळे 'पानी' म्हणायचे. मास्तरांनी त्याला समोर बसवून 'पाणी' म्हणायला शिकवलं, शंभर वेळा घोटवून. तालीम संपवून आला की जेवताना तो तसंच शुद्ध बोलायचा आणि बाबा त्याला चिडवायचे, "शास्त्रीबुवांना भाकर वाढा."

पहिल्या वर्षीच मास्तरांनी मला देवळात नेलं होतं. औदुंबराखालच्या पादुकांवर माझा उजवा हात ठेवून घेतला आणि वदवून घेतलं, की शेवटचा प्रवेश प्रयोगाआधी कुणाला सांगणार नाही, सांगितला तर माझ्या घरच्या माणसाचं वाटोळं होईल. शेवट फुटला की नाटक मेलं, असं ते हसत म्हणाले. मीही हसले होते. पण शपथ ती शपथ. आमच्यात पादुकांची शपथ घेऊन मोडलेल्या माणसाच्या कथा लहानपणापासून कानांवर असतात. कुणाचा मुलगा गेला, कुणाच्या वेली एका रात्रीत जळल्या. मी त्या सगळ्या खऱ्या मानायची.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्यात, आदल्या नाटकाचं बाड परत करायला मी भर दुपारी मास्तरांच्या वाडीत गेले. पाण्याच्या इंजिनाची एक खोली होती, तिथं बसून ते लिहायचे. इंजिन बंद होतं. दाराच्या फटीतून मला दिसलं, की मास्तर जमिनीवर आडवे झालेत, त्यांचं डोकं दादाच्या मांडीवर आहे, आणि दादा त्यांच्या केसांतून हात फिरवतोय. मास्तर रडत होते. आरतीला रडायचे तसेच. पलीकडे पोथीवर सोनचाफ्याची पाच-सहा फुलं ठेवलेली. दर गुरुवारी दादा हाऱ्यात फुलं भरण्याआधी सगळ्यात चांगली फुलं बाजूला काढायचा. आईनं विचारलं की सांगायचा, "दत्ताला." तो दिवस गुरुवार होता.

मी बाड तसंच घेऊन परत आले. मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर मला राग आला नाही आणि किळसही आली नाही. भीती वाटली. आमच्या बोलीत या गोष्टीला शब्दच नव्हता. शिव्या होत्या. मला दिसलेलं त्या शिव्यांत बसत नव्हतं.

पावसाळ्यात विहिरीवर एकदा मी जवळ गेले आणि हसणाऱ्या बायका गप्प झाल्या. आईनं घागर उचलली आणि मला म्हणाली, "चल घरला." त्याच सुमारास देवळाच्या ओट्यावर मास्तरांना कुणी तरी टोमणा मारला असंही कानावर आलं. काय टोमणा ते कुणी मला सांगेना. दादा आपल्या नादात होता. राजोडीकडची एक मुलगी त्याला सांगून आली होती, बाबांना स्थळ पसंत होतं. तो हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता.

नवरात्र झालं आणि मास्तरांनी नव्या नाटकाचं बाड माझ्याकडे दिलं. या वर्षी नाटकात बाई नव्हती. एक मठ, एक गुरू आणि एक शिष्य. गुरूचं काम मास्तर स्वतः करणार होते. शिष्याचं दादा.

दादाचा आनंद मला अजून दिसतो. "या वर्षी धोतर!" असं ओरडत तो घरात शिरला. सात वर्षं लुगड्यात मेलेला माणूस, त्याला पहिल्यांदा पुरुष म्हणून उभं राहायला मिळणार होतं. त्यानं मिशी राखायला सुरुवात केली. मास्तरांनी त्याला सांगितलं होतं, शेवटी तू गुडघ्यावर बसतोस आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवतो.

ते खरंच होतं. बाडात तसंच लिहिलं होतं. गुरू शिष्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि त्याच अवस्थेत पाच पानं बोलतो. हा मुलगा मठात सेवेला आला आणि त्यानं माझ्या तपाला बट्टा लावायचा घाट घातला. हा पुरुषाच्या देहात बाईची चाल घेऊन आला. पोथीवर देवाच्या नावानं सोनचाफा ठेवायचा आणि त्या वासानं मला भुलवू पाहायचा. आई-बापांनी याला घरात घेऊ नये, कुणी याला मुलगी देऊ नये, गावानं याला पाणवठा देऊ नये. मग शिष्य उठून अंधारात जातो, गुरू पादुकांवर डोकं ठेवतो, पडदा.

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना. 'आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून' ही म्हण मी हजारदा ऐकली होती. पण आपलंच झाकायला दुसऱ्याला असं उघडं करायचं, हे मी पहिल्यांदा पाहत होते. हे नाटक झालं की दादाला या गावात राहता येणार नव्हतं. मला ते अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी स्वच्छ कळलं.

आणि दादाच्या नकलेत यातलं काही येणार नव्हतं. शेवटच्या प्रवेशात त्याला भाषणच नव्हतं. त्याच्या कागदावर मी उतरवायचं होतं ते एवढंच: गुडघ्यावर. मान खाली. पडदा पडेपर्यंत काही बोलू नये.

मी एक चोरटा उपाय केला. मास्तरांच्या भाषणाची स्वच्छ प्रतही मीच काढायची, त्यातून सोनचाफ्याची वाक्यं गाळली. चाफा गेला तर निदान आईला कळणार नाही, असा माझा हिशेब. दोन दिवसांनी मास्तरांनी मला घरी बोलावलं. समोर पाट, दौत, बाड. ते अजिबात चिडले नव्हते.

"चार ओळी राहिल्या बाळ," ते म्हणाले. "लिही. मी बसतो इथं."

"मास्तर, फुलांचं नसलं तर चालणार नाही का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय माहीत आहे ते त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, आणि मग हळूहळू पुन्हा पहिल्यासारखा झाला.

"पादुकांवर हात ठेवलायस तू," ते म्हणाले. "तुझ्या दादाच्या भल्याचंच आहे. त्याचं लग्न व्हायचंय. पाप एकदा चारचौघांत धुऊन निघालं की माणूस सुटतो."

"कुणाचं पाप?" असं मी विचारायला हवं होतं. ते मी नंतर वाडीत, न्हाणीत, चुलीपुढे कितीदा विचारलं. तेव्हा मी टाक उचलला आणि लिहिलं. ओळी सरळ आल्या, काना-मात्रा जागच्या जागी. मी उठले तेव्हा मास्तरांची बायको पडवीत तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "उतरवताना सगळं वाचतेस?"

"वाचावंच लागतं ना."

"मी नाय वाचत," ती म्हणाली आणि खडे वेचत राहिली.

महिनाभर तालमी चालल्या. शेवटचा प्रवेश मास्तर तालमीत घेतच नसत. "माझं मी बघतो" म्हणायचे आणि दादाला नुसतं गुडघ्यावर बसवून जागा पक्की करून घ्यायचे. नटांना त्यात काही नवल वाटलं नाही, कारण मास्तर नेहमीच शेवट राखून ठेवत. दादा घरी नक्कल भिंतीला टेकवून पाठ करायचा आणि मधेच मला विचारायचा, "बाय, शेवटाला काय बोलतात गं ते?"

"मला शपथ आहे."

"आशीर्वादच असनार," तो म्हणायचा. "डोक्यावर हात ठेवून दुसरं काय करतात?"

मी तोंड उघडलं असतं तर दादा वाचला असता. पण शपथ मोडली तर घरच्या माणसाचं वाटोळं होणार होतं, आणि मला घरचं माणूस म्हटलं की दादाच दिसायचा. म्हणजे बोलले तरी तोच जाणार आणि गप्प बसले तरी तोच. असल्या वेळी देवाला भिणारं माणूस गप्प बसतं. त्याला वाटतं, गप्प बसणं म्हणजे काही न करणं. मी दोनदा देवळात जाऊन पादुकांपुढे उभी राहिले, मला सोडव म्हणून. औदुंबराची पानं पडत होती, तेवढंच.

आमच्याकडे रात्रीच्या प्रयोगाआधी दुपारी बायकांचा खेळ व्हायचा. रात्री मंडपात पुरुष, दुपारी बाया-पोरं. कडक उन्हात कनातीतून प्रकाश यायचा, नटांच्या तोंडाचा रंग घामानं उतरायचा, तरी बायकांची गर्दी मुंगीला शिरू देत नसे. आई पुढच्या रांगेत होती. तिच्या शेजारी राजोडीची मंडळी, मुलीची आई आणि मावशी. जावई बघायला मुद्दाम बोलावलेल्या. मी पडद्याआड बाड घेऊन बसले होते, नटाला शब्द अडला तर पुरवायला.

पहिले दोन अंक छान रंगले. दादा धोतरात देखणा दिसत होता. मग शेवटचा प्रवेश आला. तो गुडघ्यावर बसला, मान खाली घातली, मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दादाच्या तोंडावर थोडं हसू होतं. मी बाजूनं पाहत होते म्हणून मला दिसलं.

मास्तर बोलायला लागले. पहिल्या पानाला त्याला काही कळलं नाही. दुसऱ्या पानाला त्याचं हसू गेलं. सोनचाफ्याचं वाक्य आलं तेव्हा पुढच्या रांगेत आईचा हात तोंडाकडे गेला, आणि राजोडीच्या बाईनं आईकडे वळून पाहिलं. दादानं मान उचलायचा प्रयत्न केला. मास्तरांचा हात त्याच्या डोक्यावर होता. तो हात दाबत होता, इतका की बोटं पांढरी झाली. आणि मास्तरांच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या. बायका पदरानं डोळे पुसत होत्या, मास्तरांसाठी.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दादा एकदा माझ्या बाजूला बघायला धडपडला. नट अडला की असाच बघतो, पुढचा शब्द द्या म्हणून. माझ्या मांडीवर बाड उघडं होतं. त्यात त्याच्यासाठी शब्द नव्हता. मी मान खाली घातली. तो पडदा पडेपर्यंत काही बोलला नाही.

टाळ्या थांबेनात. आत तो खोबरेल लावून रंग काढत बसला होता. मी जवळ गेले.

"हा तूच उतरवलास ना?" त्यानं विचारलं. शुद्ध बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं, आवाज घरचा होता.

"हो."

"सगला?"

"हो."

"मना सांगितला नाय."

मी शपथेचं बोलायला लागले. त्यानं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत, आणि म्हणाला, "बरं." एवढंच. रात्रीच्या खेळालाही तो उभा राहिला. पुन्हा तसाच गुडघ्यावर बसला, या खेपेला सगळं माहीत असून. तो का उभा राहिला हे मला आजतागायत उमगलेलं नाही. घराचं नाव जाऊ नये म्हणून असेल. मास्तर पुरुषांच्या गर्दीसमोरही तेच पुन्हा म्हणतात का, ते बघायला असेल. मास्तर म्हणाले.

सकाळी त्याचं अंथरूण रिकामं होतं. बाबांनी आधी बावखलात गळ टाकला, आमच्या, मग शेजाऱ्यांच्या, मग मास्तरांच्या. दुपारपर्यंत अख्खा गाव काठावर उभा होता आणि मी प्रत्येक वेळी गळ वर येताना डोळे मिटत होते. तो कुठंच नव्हता. दोन महिन्यांनी भरूचहून एक कार्ड आलं, खाली नाव नाही, 'काम लागलं आहे' एवढंच. बाबांनी ते चुलीत घातलं. आई गेली तेव्हा कळवायला पत्ता नव्हता.

मास्तर पुढं मुख्याध्यापक झाले, देवळाचे विश्वस्त झाले. त्यानंतर त्यांनी एकही नाटक लिहिलं नाही. मान मिळाला की लिहायची गरज संपली असेल, किंवा नक्कल उतरवायला मी नव्हते म्हणून असेल. गुरुवारचा उपास शेवटपर्यंत चुकवला नाही.

ते वारले त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे दादा गाव सोडून गेल्याला दहा-अकरा वर्षं झाली असतील, देवळाच्या मंडळातली दोघं-तिघं माझ्या सासरी बोळिंजला आली. तिथं तेव्हा वाड्या तोडून इमारती उठायला लागल्या होत्या, आमचं घरही एका इमारतीच्या सावलीत आलं होतं. मास्तरांची नाटकं पुस्तकरूपानं काढायची होती. सगळी बाडं सापडली, फक्त मठाच्या नाटकाचा शेवटचा प्रवेश मिळत नव्हता. त्यांच्या बायकोनं पानं फाडून टाकली होती म्हणे.

"तुमीच उतरवलेलं," त्यांच्यातला वयानं मोठा, देवळाचा जुना कारभारी, म्हणाला. "आठवतं का काय?"

"अक्षर न् अक्षर आठवतं," मी म्हणाले.

ते खूश झाले. एकानं वहीसुद्धा काढली. शेवट रंगमंचावर केव्हाच सांगून झाला होता, पण त्याच्या पोटातलं, फटीतून दिसलेलं, मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला ते शपथेतच मोडतं असं वाटायचं. त्या दिवशी मी पहिल्यांदा बोलले. चाफा कुणाचा होता, कुणासाठी होता, इंजिनाच्या खोलीत कोण कुणाच्या मांडीवर रडत होतं, मठात कोण कुणाला भुलवत होतं. एका दमात सांगितलं आणि आता हे उठतील, ओरडतील, देवमाणसाच्या नावाला काळं फासते म्हणून मला शिव्या देतील, म्हणून वाट पाहत राहिले.

कुणी उठलं नाही. कारभाऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"ते होय," तो म्हणाला. "बाय, ते तर आमाला सगल्यांना तवाच माहीत होतं. दोन वर्सं आधीपासून. तुज्या आईलाबी. म्हनून तर मास्तरांना म्हटलं, कायतरी करा, गावाची लाज जाते."

"तुम्ही म्हटलंत?"

"मंडलानं म्हटलं. पन नाटक झालं चांगलं. अजून लोक नाव काढतात."

वहीवाला पेन उघडून माझ्याकडे पाहत होता. मी त्यांना शेवटचा प्रवेश सांगितला नाही. ते गेल्यावर मी तिथंच बसून राहिले. विहिरीवर गप्प झालेल्या बायका, घागर उचलून चल म्हणणारी आई, पुढच्या रांगेत तोंडावर गेलेला तिचा हात, पदरानं डोळे पुसणारा तो सगळा मंडप. प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि त्याचा शेवट कुणावर येणार तेही. अख्ख्या गावात ते ठाऊक नसलेलं माणूस एकच होतं, आणि त्याच्या हातातला कागद माझ्या अक्षरात होता.